पठ्ठा आजारी पडला की डॉक्टर का आठवत नाही?

कबुतरं पाळणाऱ्या माणसाला त्याच्या नराची वंशावळ विचारा, तो तीन पिढ्या सांगेल. उडान विचारा, तास आणि मिनिटं सांगेल. बाजरी किती, मका किती, थंडीत करडई किती, हेही त्याला पाठ असतं. त्याच माणसाला विचारा की गेल्या वर्षी ढाबळीतले पठ्ठे कशाने मेले? उत्तर येतं, "बीमारी आली होती." कोणती बीमारी? "बस, बीमारी."

या ‘बस, बीमारी’वर मला आज लिहायचं आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. कबुतरं पाळत नाही. पण माझ्या वर्गात दरवर्षी चार-पाच मुलं अशी असतात, ज्यांच्या घराच्या छतावर जाळी असते. पहिल्या तासाला ती डुलक्या घेतात, कारण फजरपासून छतावर असतात. ही मुलं मला सगळं सांगतात. त्यामुळे पठ्ठ्यांच्या आजाराची बातमी मला परीक्षेच्या निकालाआधी कळते. "सर, काल तीन गेले." दुसऱ्या दिवशी पाच. आठवड्याने मुलगा गप्प होतो, तेव्हा समजायचं, ढाबळ रिकामी झाली.

ज्यांच्या घरात हा शौक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कबुतरांच्या शर्यती मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक लांब पल्ल्याची. त्यात ‘होमर’ जातीची कबुतरं टोपल्यांत भरून शेकडो किलोमीटर दूर नेतात, तिथून सोडतात आणि सर्वांत वेगाने घरी परतणारं जिंकतं. चेन्नई, बंगळुरू, कोलकाता इथे या शर्यतींचे क्लब आहेत. दुसरी उंच उडीची. त्यात कबुतर आपल्याच छतावरून उडतं आणि ते किती तास हवेत राहिलं, हे मोजतात. दिल्लीच्या आणि हैदराबादच्या जुन्या वस्त्यांत, मालेगाव-भिवंडीच्या गच्च्यांवर बहुतेक ही दुसरी तऱ्हा दिसते. हा शौक जुना आहे. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या कबुतरांसाठी वेगळा भाग लिहिला आहे. बाबराचे वडील उमर शेख मिर्झा १४९४ मध्ये कबुतरखान्यासकट कड्यावरून कोसळून वारले.

दोन्ही तऱ्हांमध्ये सगळी आशा पठ्ठ्यांवर असते. पठ्ठा म्हणजे त्या वर्षीचं तरुण पाखरू. अंड्यातून १७-१८ दिवसांत बाहेर येतं, आई-बाप दोघंही आपल्या गळ्यातल्या थैलीत तयार होणारं ‘दूध’ त्याला भरवतात आणि महिनाभरात ते स्वतः दाणे टिपू लागतं. नेमक्या याच वयात, साधारण एक ते तीन महिन्यांच्या दरम्यान, त्याच्यावर संकटं येतात. आईबापाकडून मिळालेलं संरक्षण संपत आलेलं असतं, स्वतःची प्रतिकारशक्ती पुरती तयार झालेली नसते आणि आपण त्याला दहा नव्या पाखरांबरोबर एका टोपलीत कोंबून सरावाला नेतो. बालवाडीत पहिल्यांदा गेलेलं मूल महिनाभर सर्दी-खोकला घेऊन का येतं, हे ज्या आईला कळतं, तिला पठ्ठ्यांचं गणित समजावून सांगावं लागणार नाही.

आता आजार आला की काय होतं? पाखरू पिसं फुगवून कोपऱ्यात बसतं. शीट हिरवी आणि पातळ होते. कधी उलटी होते, कधी गळ्याखालची दाण्याची थैली, ज्याला आपली मुलं ‘पोटा’ म्हणतात, सकाळीही भरलेलीच राहते. मग फोन जातो उस्तादांना. उस्ताद लसूण आणि हळद सांगतात. दोन दिवसांत फरक पडला नाही की मुलगा मेडिकलच्या दुकानात जातो आणि कॅप्सूल घेऊन येतो. कोणती? गेल्या वेळी कोणाचं तरी पाखरू जिने वाचलं होतं ती. कॅप्सूल फोडून पाण्याच्या भांड्यात. तिसऱ्या दिवशी दुसरी कॅप्सूल. तोवर मोबाइलवर एखादा व्हिडिओ सापडतो, त्यात तिसरंच औषध असतं. या सगळ्या धावपळीत जनावरांच्या दवाखान्यात कोणी जात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आजारी पठ्ठ्याचा पहिला इलाज औषध नसून तपासणी आहे. कारण पठ्ठ्यांचे निम्मे आजार बाहेरून सारखेच दिसतात आणि आतून एकमेकांपासून फार वेगळे असतात.

सर्वांत ठळक उदाहरण घ्या. पाखराची मान वळते, डोकं उलटं होतं, दाणा टिपायला गेलं की चोच भलतीकडेच पडते. आपल्याकडे याला ‘लकवा’ म्हणून मोकळं होतात. हा पॅरामिक्सो विषाणूचा आजार असू शकतो. कोंबड्यांच्या ज्या रोगाला आपण मानमोडी किंवा राणीखेत म्हणतो, त्याच्याच कुळातला हा कबुतरांचा विषाणू. यावर कोणतंही अँटिबायोटिक चालत नाही. आधार द्यायचा, हाताने खाऊ-पिऊ घालायचं आणि वाट पाहायची. बरीच पाखरं सांभाळली तर काही आठवड्यांत सावरतात. पण तशीच वळलेली मान साल्मोनेला नावाच्या जिवाणूमुळेही दिसते. त्यात पंखाचा सांधा सुजतो, पाखरू लंगडतं आणि तिथे योग्य अँटिबायोटिक उपयोगी पडतं. छतावर उभं राहून या दोघांतला फरक सांगणं कठीण. पहिल्यात कॅप्सूल दिली तर वाया, दुसऱ्यात चुकीची दिली तर रोग दबून बसतो आणि पुढच्या वर्षीच्या पिलांत बाहेर येतो.

दुसरं उदाहरण शिटीचं. पॅरामिक्सोमध्ये मूत्रपिंडाला त्रास होतो, पाखरू खूप पाणी पितं आणि शिटीभोवती नुसतं पाण्याचं थारोळं दिसतं. ही हगवण नसते, तो मूत्राचा भाग असतो. पण मुलगा हगवणीचं औषध देतो. पातळ शीट कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीमुळे होते, जंतांमुळे होते, ई. कोलाय जिवाणूमुळे होते, विषाणूमुळे होते आणि बुरशी लागलेल्या मक्यामुळेही होते. पाच कारणं, पाच वेगळे इलाज. त्यांतली कॉक्सिडिया आणि जंत ही दोन कारणं तर चिमूटभर शीट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की दिसतात. याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

तिसरं, तोंडातला पिवळा थर. पठ्ठ्याच्या घशात चीजसारखा पिवळा गठ्ठा दिसतो, गिळता येत नाही, पाखरू वाळत जातं. हा बहुधा ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी असतो. आईबापाच्या गळ्यात तो गुपचूप राहतो आणि भरवताना पिलाच्या तोंडात उतरतो. म्हणजे इलाज फक्त पिलाचा करून भागत नाही, आईबापाचाही करावा लागतो. पण तोंडात पिवळं दिसलं म्हणजे तोच, असंही नाही. कबुतरांना डास चावून देवी येतात, त्यांचे फोडही कधी तोंडात उठतात. तिथे हे औषध बिनकामाचं.

यावर कोणी म्हणेल, सर, एवढं तर आमच्या उस्तादांना माहीत असतं. मी उस्तादांचा अपमान करणार नाही. ज्या माणसाने ४० वर्षं पाखरं पाहिली, त्याची नजर कोणत्याही पदवीधरापेक्षा तीक्ष्ण असू शकते. साठ पाखरांतलं कोणतं एक आज दाण्यावर उशिरा आलं, हे उस्ताद पाहतात. ती नजर डॉक्टरकडे नसते. पण जिवाणू आणि विषाणू यांतला फरक नजरेला दिसत नाही, मग ती उस्तादांची असो की डॉक्टरांची.

याचा पुरावा पाहायचा तर बाहेर पाहू. युरोपात पठ्ठ्यांच्या उलट्या, हगवण आणि भरलेला पोटा या आजाराला बऱ्याच वर्षांपासून ‘तरुण पाखरांचा आजार’ असंच ढोबळ नाव होतं. तिथले तज्ज्ञ कधी अडेनोविषाणूकडे बोट दाखवत, कधी प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या सर्कोविषाणूकडे, कधी ई. कोलायकडे. मग २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात शर्यतीची कबुतरं पटापट मरू लागली. मेलेली पाखरं तपासणीला गेली, त्यांची यकृतं निकामी झालेली दिसली आणि त्यांत कबुतरांचा एक रोटाविषाणू सापडला. पुढे युरोपातल्या आजारी ढाबळींतही तो आढळला. २०२० मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी निरोगी पठ्ठ्यांना हा विषाणू देऊन तसाच आजार उद्भवतो, हे दाखवलं. जे लोक आयुष्यभर कबुतरांचेच डॉक्टर आहेत, त्यांना जे डोळ्यांनी ठरवता आलं नाही, ते आपण फोनवर फोटो पाठवून ठरवतो आहोत. ही माहिती समोर आली, कारण मेलेलं पाखरू प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलं. आपली मेलेली पाखरं नाल्यात जातात.

आता कॅप्सूलकडे येतो, कारण इथे प्रश्न फक्त कबुतरांचा राहत नाही. कबुतराचं वजन साधारण ४०० ग्रॅम. माणसाची कॅप्सूल ६० किलोच्या माणसासाठी असते. ती पाण्याच्या भांड्यात टाकली तर कोणाच्या पोटात किती गेली, हे अल्लालाच ठाऊक. सर्वांत आजारी पाखरू पाणीच पीत नाही, त्याला काही मिळत नाही. पॅरामिक्सोवालं पाखरू ढसाढसा पितं, त्याला नको तितकं मिळतं. टेट्रासायक्लिन गटातली औषधं कॅल्शियमबरोबर बांधली जातात, म्हणून शेजारी ग्रिट आणि शिंपल्यांचा चुरा ठेवला असेल तर औषधाचा मोठा भाग फुकट जातो. हे मेडिकलवाला सांगत नाही, कारण त्याने कबुतर पाहिलेलंच नसतं. शिवाय कायद्याप्रमाणे त्याने ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायचीच नसतात.

अर्धवट औषधाने मेले नाहीत ते जिवाणू त्या औषधाला सरावतात. तेच जिवाणू शिटीबरोबर छतावर, छतावरून चपलेला लागून घरात. त्याच घरात लहान मूल आहे, दमेकरी आजी आहे. उद्या त्यांना तेच औषध लागू पडलं नाही तर? सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध कोंबड्या आणि इतर खाद्य जनावरांसाठी बंद केलं ते याच भीतीने. माणसाच्या शेवटच्या आधाराचं औषध जनावरांत उधळलं जात होतं. पोल्ट्रीवाल्यांना नियम लागू झाला. आपल्या छतावर कोणी तपासायला येत नाही म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

आता सर्वांत मोठी हरकत. पाखरू पाचशे रुपयांचं आणि डॉक्टरची फी तेवढीच, मग कोण जाईल? ही हरकत खोटी नाही. बेल्जियममध्ये कबुतरांचे खास डॉक्टर आहेत, कारण तिथे २०२० मध्ये ‘न्यू किम’ नावाची मादी १६ लाख युरोंना विकली गेली. माझ्या विद्यार्थ्याचा बाप लूम चालवतो. पण हिशेब एका पाखराचा करायचा नसतो. पठ्ठ्यांचा आजार एकट्याला होत नाही, तो ढाबळीला होतो. एका आजारी पाखराची तपासणी म्हणजे उरलेल्या तीसची तपासणी. तीन चुकीच्या कॅप्सूलांचे पत्ते, दोन टॉनिकच्या बाटल्या आणि मेलेल्या दहा पाखरांची किंमत एकदा वहीत मांडून पाहा, मग फी महाग वाटते का ते ठरवा. शिवाय सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातलं शुल्क अगदी मामुली असतं. तालुक्याच्या गावी श्रेणी-१ चा दवाखाना असतो, तिथे पदवीधर पशुधन विकास अधिकारी बसतात. १९६२ हा पशुपालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही अशी महाविद्यालयं आहेत, पुण्यात औंधला रोगनिदानाची प्रयोगशाळा आहे.

"पण तिथले डॉक्टर गाई-म्हशींचे, त्यांना कबुतराचं काय कळणार?" असं मुलं विचारतात. कळतं. प्रत्येक पशुवैद्य कोंबडीचे आजार शिकलेला असतो. राणीखेत, कॉक्सिडिया, जंत, देवी, साल्मोनेला हे सगळं कोंबडीतही आहे. कबुतराचा खास तज्ज्ञ मिळाला तर उत्तम, पण पाखरांचं शरीर जाणणारा आणि सूक्ष्मदर्शक हाताशी असलेला डॉक्टर मिळाला तरी निम्मं काम होतं.

डॉक्टरांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. माझा एक विद्यार्थी चपलांच्या खोक्यात आजारी पाखरू घेऊन एका दवाखान्यात गेला होता. त्याला उत्तर मिळालं, "कबुतर आहे ना? दुसरं आण." मुलगा परत आला आणि पुन्हा कधी गेला नाही. तो नववीत होता. दवाखान्यावर कामाचा ताण असतो, एकाच माणसावर अनेक गावं असतात, हे मला मान्य आहे. पण त्या एका वाक्याने एक मुलगा कायमचा कॅप्सूलवाल्याकडे गेला. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवण्याचा कायदा प्राणी सांभाळणाऱ्यावर त्याच्या हिताची काळजी घेण्याचं कर्तव्य टाकतो. तो कायदा गाय आणि कबुतर असा भेद करत नाही. कर्तव्य निभवायला आलेल्या मुलाला दारातून परत पाठवू नका, एवढीच विनंती.

२०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा वाद पेटला. कोणी म्हणालं, कबुतर म्हणजे रोग. कोणी म्हणालं, कबुतर म्हणजे पुण्य. या गोंगाटात कबुतर हाही आजारी पडणारा जीव आहे, हे फार थोड्या लोकांना आठवलं. कबुतरांपासून माणसाला त्रास होऊ शकतो, हे खरंच आहे. पिसांच्या भुकटीने काहींची फुप्फुसं कायमची खराब होतात, शिटीच्या धुळीतून सिटॅकोसिससारखा ताप येऊ शकतो. म्हणून साफसफाई करताना मास्क लावा, शीट आधी ओली करून मग खरवडा, झोपण्याच्या खोलीत पाखरं ठेवू नका आणि खोकला हटत नसेल तर आपल्या डॉक्टरला ‘माझ्याकडे कबुतरं आहेत’ हे न लाजता सांगा. पाखरं निरोगी असली तर घरही जास्त सुरक्षित राहतं.

न लाजता, असं मी मुद्दाम लिहिलं. कारण आपल्या समाजात हा शौक लाजिरवाणा मानला जातो. ‘कबुतरबाज’ ही जवळजवळ शिवी आहे. वडीलधारी म्हणतात, यात नमाज जाते, अभ्यास जातो, शेजाऱ्यांच्या आयाबहिणींवर नजर जाते, पैजा लागतात. यातल्या बऱ्याच तक्रारी रास्त आहेत. पैज हराम आहे, त्यावर चर्चेची गरज नाही. पण याचा परिणाम असा झाला की मुलगा आजारी पाखराबद्दल घरात बोलू शकत नाही, पैसे मागू शकत नाही, दवाखान्यात जायला निघाला तर हसू होतं. शौकाचा राग पाखरावर निघतो. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची बक्षिस झाली आणि मांजर बांधून उपाशी मारणारीला सजा झाली, या हदीसा आपण मुलांना लहानपणी शिकवतो. छतावरच्या मुक्या जिवाला मात्र आपण त्यातून वगळतो. कबुतरं पाळू नकोस, असं मुलाला सांगायचं तर खुशाल सांगा. पण जोवर ती पाळली आहेत, तोवर ती अमानत आहे.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे. आमची मुलं दवाखान्यात का जात नाहीत, याचं एक कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यांना आजार मराठीत सांगता येत नाही. उर्दूत शिटीला ‘बीट’ म्हणतात. एका मुलाने पत्रलेखनात लिहिलं होतं, "माझे कबुतर दोन दिवस हिरवे बीट करत आहे." मराठी वाचणारा माणूस भाजीवाल्याकडे पाहील. मुलं हसली, मीही हसलो, पण त्या वाक्यात एक खरी अडचण होती. ‘सुस्ती’, ‘पोटा सख्त’, ‘गर्दन फिर गई’ हे सगळं त्याला अचूक दिसतं, पण समोरच्या साहेबांपुढे तोंड उघडत नाही. म्हणून मी नववीच्या वर्गात पत्रलेखनाचा सराव म्हणून पशुधन विकास अधिकाऱ्यांना पत्र लिहायला देतो. ज्यांच्याकडे कबुतरं नाहीत, ती बकरीवर लिहितात. त्या पत्रात काय काय यायला हवं, ते इथेही लिहितो. कबुतरवाल्यांनी ते वहीत उतरवून घ्यावं.

पाखरांची एकूण संख्या किती, आजारी किती, मेली किती. आजारी पाखरांचं वय काय, फक्त पठ्ठे आजारी आहेत की मोठी पाखरंही. पहिलं पाखरू कधी सुस्त दिसलं. शीट कशी आहे: हिरवी, पाण्यासारखी, रक्ताची, की दाणे न पचलेली. उलटी आहे का, सकाळी पोटा रिकामा होतो का, मान किंवा पंख वाकडा आहे का, तोंडात पिवळं आहे का. गेल्या महिन्यात नवं पाखरू आणलं का, सरावाच्या टोपलीत दुसऱ्याची पाखरं होती का. दाणा कोणता, तो ओला तर झाला नव्हता. राणीखेतची लस दिली होती का, केव्हा. आणि सर्वांत महत्त्वाचं, आत्तापर्यंत काय काय औषध दिलं. हे शेवटचं लपवू नका. डॉक्टर रागावतील, पण उपचार नीट करतील.

बरोबर काय न्यायचं? रात्री आजारी पाखरांखाली स्वच्छ कागद अंथरा आणि सकाळी त्यावरची ताजी शीट झाकणाच्या छोट्या डबीत भरा, चार-पाच पाखरांची एकत्र चालेल. एक आजारी पाखरू जिवंत न्या, कारण घशातला परजीवी ताज्या नमुन्यातच हलताना दिसतो. पाखरू मेलं असेल तर दोन पिशव्यांत गुंडाळून बर्फाशेजारी ठेवून त्याच दिवशी न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या अवयवांची तपासणी नीट होत नाही. नमुना घेण्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नका, नाहीतर जिवाणू सापडतच नाही. तोवर आजारी पाखरू वेगळं ठेवा, ऊब द्या, स्वच्छ पाणी द्या, पोटा भरलेला असेल तर दाणा कोंबू नका. एकदम बरीच पाखरं मेली, किंवा आसपास कोंबड्या-कावळेही मरू लागले, तर मेलेल्या पाखरांना हात न लावता आधी दवाखान्याला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लूची खात्री झाली होती, हे विसरू नका.

आणि डॉक्टरांना फक्त औषध विचारू नका. लस विचारा. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या कबुतरांना पॅरामिक्सोची लस कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे कोंबड्यांच्या राणीखेतच्या लसी मिळतात. त्यांतली कोणती, कोणत्या वयात, डोळ्यात थेंब की टोचून, हे डॉक्टर ठरवतील. दुकानातून आणून स्वतः देऊ नका. नवं पाखरू आणलं की तीन-चार आठवडे वेगळं ठेवा. बाळंतिणीला आपण ४० दिवस जपतो, नव्या पाहुण्याला एक महिना द्यायला काय हरकत आहे?

हे सगळं केल्यावरही काही पठ्ठे मरतील. विषाणूवर डॉक्टरकडे जादू नाही. पण तेव्हा मुलाला निदान माहीत असेल की काय झालं होतं आणि पुढच्या वर्षी काय करायचं. मला या मुलांमध्ये शास्त्रज्ञ दिसतात, असं मोठं बोलणार नाही. पण पहाटे उठून तीस जिवांची शीट तपासणारा, तारखेसह वहीत नोंद करणारा आणि ती वही घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभा राहणारा मुलगा वाया गेलेला आहे, हे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

पावसाळा येतो आहे. ओल वाढली की कॉक्सिडिया वाढतो, डास वाढले की देवी येतात, आणि पठ्ठे नेमके याच दिवसांत छतावर पहिल्यांदा उतरतात. ज्यांच्याकडे ढाबळ आहे, त्यांनी पाखरं ठणठणीत असतानाच एकदा शिटीची डबी घेऊन दवाखान्यात जाऊन यावं. डॉक्टरांची ओळख होईल, तपासणीचा कागद हातात येईल. आजार आल्यावर कोणाला विचारायचं, हा प्रश्न तरी उरणार नाही.